बायको झेडपी शिक्षिका, नवऱ्याचा टॉवेलचा धंदा, त्याचा सिबिल कमी: सोलापुरात जॉइंट होम लोन मिळेल का?

मिळू शकतं ताई, पण आधी एक लक्षात घ्या, जॉइंट लोनला बँक दोघांचाही सिबिल, म्हणजे कर्जफेडीच्या सवयीचा स्कोअर, बघते, तुमचा चांगलाय म्हणून त्यांचा झाकला जात नाही. त्यांच्या जुन्या क्रेडिट कार्डावर 'सेटल्ड' (म्हणजे पूर्ण रक्कम न भरता तडजोडीनं मिटवलेलं) असा शेरा आहे म्हणताय ना, खरी अडचण तीच आहे. उरलेली रक्कम भरा, नो ड्यूज लेटर घ्या आणि रिपोर्टमध्ये 'क्लोज्ड' करून घ्या. तक्रार टाकल्यावर 30 दिवसांत दुरुस्ती व्हायला पाहिजे, उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या नियमानं दिवसाला 100 रुपये भरपाई मिळते, सोडू नका ती.

दुसरं म्हणजे अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत माग कितीही जोरात चालू देत, बँक बघणार आयटीआर, म्हणजे इन्कम टॅक्सचं विवरणपत्र, तोही बहुतेक दोन-तीन वर्षांचा, आणि आपल्याकडं रोखीत धंदा करून उत्पन्न कमी दाखवायची सवय असती बघा, ती इथं नडते. आतापासून पैसे खात्यावरनंच फिरवा.

घाई असेल तर तुमच्या एकटीच्या पगारावर अर्ज करा, रक्कम कमी बसेल. मात्र घरही एकटीच्याच नावावर घ्या, कारण सहमालकाला बँका शक्यतो सहकर्जदार करतातच. महाराष्ट्रात घर फक्त बाईच्या नावावर असेल तर मुद्रांक शुल्कात 1 टक्का सवलतही आहे. आणि कृपा करून एकदम चार बँकांत अर्ज टाकू नका, बँकेनं केलेल्या प्रत्येक चौकशीची सिबिल रिपोर्टमध्ये नोंद होते.