मागच्या दाराचं कुलूप

प्रश्न : अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल कारखान्यात रात्रपाळी करतो. माल चोरीला जातो म्हणून शेठ मागच्या दाराला बाहेरून कुलूप घालतात. बोललं की, "आजवर झालंय का काही?"
– एक कामगार, सोलापूर

उत्तर : १९११ साली न्यूयॉर्कच्या ट्रँगल शर्टवेस्ट कारखान्यातही चोरीच्याच धास्तीनं एका जिन्याचं दार बंद होतं. कापडाच्या चिंध्यांनी पेट घेतला. १४६ जण गेले, बहुतेक तरुण मुली. तुमच्या मागांखालची कापसाची धूळही तशीच भडकते, ती रोज झाडायलाच हवी. दाराला आतून, किल्लीविना उघडणारी कडी आणि उघडताच वाजणारी घंटा बसवा. चोरही सापडेल. शेठ ऐकत नसतील तर चौघांनी सह्या करून लेखी द्या. तोंडी सांगितलेलं शेठ लोक सोयीनं विसरतात.