सट्टा, साटंलोटं आणि 'साठी'

पाचोऱ्याच्या एका मुलाचा प्रश्न आहे. तो जळगावात ब्रोकरच्या ऑफिसात टर्मिनलवर बसतो आणि घरी आजी सगळ्यांना सांगते, "पोऱ्या सट्टा खेयस." सट्टा म्हणजे मुळातच जुगार का, आणि ट्रेडिंग फ्लोअरला मराठीत काय म्हणावं, असं त्याने विचारलं आहे.

आजींना मी दोष देणार नाही. दोष आहे तो क्रिकेटवर पैसे लावणाऱ्यांना 'सट्टेबाज' म्हणणाऱ्या बातम्यांचा. रोज हेच कानावर आदळतं. सट्टा 'खेळत' नाहीत. सौदा करतात, व्यवहार करतात, तसा सट्टाही 'करतात'. जुगार, मटका हे अर्थ सगळ्यांना ठाऊक आहेत, त्यांत वेळ घालवत नाही. 'वायदा' अरबीतून आलेला, 'वचन' या अर्थाचा. तोही बाजूला ठेवू. खरी गंमत सट्ट्यात आहे.

प्राकृतात 'सट्ट' म्हणजे अदलाबदल. आता मराठीचा नेम बघा: पट्टचा पाट झाला, हट्टचा हाट झाला. म्हणजे सट्टचं घरचं मराठी रूप 'साट' व्हायला हवं, आणि ते आहेच! साटंलोटं. तुमची मुलगी आमच्याकडे, आमची तुमच्याकडे. खानदेशात कोणत्याही म्हाताऱ्या माणसाला विचारा, साट्यालोट्याची दोन-चार लग्नं नावांनिशी सांगेल. राजस्थानात यालाच 'आटा-साटा' म्हणतात आणि पंजाबात चक्क 'वट्टा-सट्टा'. तिथे सट्टा हा शब्द आजही लग्नाच्या मांडवात उभा आहे, त्याला जुगाराचा वासही नाही. आपल्याकडचा जोडाक्षरी 'सट्टा' उत्तरेकडून व्यापाऱ्यांबरोबर आला आणि घरचा 'साटं' नात्यागोत्यात राहिला. शब्द एकच, दोन वाटांनी पोचलेला.

काही विद्वान सट्ट्याचा संबंध 'सत्य'शी जोडतात, कारण संस्कृतात सौदा पक्का करण्याला 'सत्यंकार' म्हणत. अर्थ छान जुळतो, पण ध्वनी जुळत नाही. प्राकृतात त्यचा च्च होतो: सत्य-सच्च, नित्य-णिच्च, नृत्य-णच्च, म्हणून आपलं नाच. सत्यातून 'सच्चा' निघेल, 'सट्टा' कुठून निघणार? एवढं साधं न पाहता व्युत्पत्ती सांगू नये.

अदलाबदल हा अर्थ बाजाराच्या कामाशीही नेमका बसतो. जळगावचा जिनिंगवाला शेतकऱ्यांकडून कापूस घेतो. रुई विकेपर्यंत भाव पडला तर तो बुडेल, म्हणून तो वायद्यात, म्हणजे भाव आज ठरवून माल पुढच्या तारखेला देण्याच्या करारात, आधीच विकून ठेवतो. पण विकायला समोर घेणारा लागतो. भाव चढेल असं मानून तो धोका अंगावर घेणारा माणूस म्हणजे सटोडिया. जिनिंगवाल्याची धास्ती त्याच्याकडे जाते, त्याच्या बदल्यात भाव चढला तर नफा त्याचा. हे साटंच झालं. जुगारातला धोका डाव मांडल्यावर जन्माला येतो. इथे तो कापूस खरेदी केल्या क्षणापासून जिनिंगवाल्याच्या डोक्यावर असतोच, सट्ट्याने फक्त हात बदलतो.

मग नाव बदनाम कसं झालं? न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराचे उघडते आणि बंद भाव तारेने मुंबईत येत आणि त्या आकड्यांवर लोक पैसे लावत. 1961 च्या सुमारास ते बंद झालं, तेव्हा मडक्यातून चिठ्ठ्या काढायला लागले. तोच मटका. कापसाचा भाव गेला, नुसता आकडा उरला आणि सट्ट्याचं नाव त्याला चिकटलं.

आता माझ्या आवडीचा मुद्दा, जो बऱ्याच जणांना पटत नाही. आपलं 'साठी' हेही या साट्यातूनच आलं, असं माझं ठाम मत आहे. गुजरातीत 'साटे' म्हणजे बदल्यात. अहिराणीत 'पोटनासाठे', मराठीत 'पोटासाठी'. सुरतेकडून नवापूर, धुळे करत या, शब्द पायरीपायरीने बदलताना दिसतो. पंडित म्हणतात, साठी हे 'अर्थ' किंवा 'सार्थ' यांतून आलं, कारण र्थचा ठ होतो. होतो, कबूल. पण मग तुकोबांच्या गाथेच्या छाप्यांत 'साटीं' असं ट घेऊन रूप जागोजाग का येतं? लिहिणाऱ्यांच्या हातून चूक झाली म्हणून सोडून द्यायचं? व्याकरणाच्या सोयीसाठी पुरावा झाकणं मला मान्य नाही. 'मुलासाठी राबलो' म्हणजे राबणं दिलं, मुलाचं भलं घेतलं. त्यात देवघेव स्पष्ट आहे.

फ्लोअरचं राहिलं. मुंबईच्या शेअर बाजारातली माणसं त्याला 'रिंग'च म्हणत. 1995 साली व्यवहार पडद्यावर गेले, तोवर तिथे ओरडून सौदे होत. जॉबर, म्हणजे रिंगमध्ये उभा राहून सतत घेणारा-विकणारा व्यापारी, एका दमात दोन भाव सांगे, घेण्याचा आणि देण्याचा, आणि तुम्ही घेणार की विकणार हे त्याला आधी कळत नसे. या जॉबरला 'तारवणीवाला' म्हणत. गुजरातीत तारवणं म्हणजे वरची साय काढून घेणं, आणि दोन भावांमधला फरक हीच त्याची साय. सौदा पेन्सिलीने सौदाबुकात टिपायचा, संध्याकाळी समोरच्याच्या नोंदीशी ताडायचा. जुळला नाही तर 'वांधा'. रिंगला 'रिंगण' म्हणा, माझी हरकत नाही. 'व्यापारमजला' मात्र नको.

आणि नवापूर-तळोद्याकडे कुणी 'साटे' हा शब्द नुसता 'बदल्यात' या अर्थाने बोलताना ऐकला असेल, तर पूर्ण वाक्य आणि गावाचं नाव मला जरूर कळवा.