'झड लागली, बरं झालं': यात बरं काय?

प्रश्न असा आला आहे: जळगाव-धुळ्याकडची माणसं 'तीन दिवस झड लागली, लई बरं झालं' असं समाधानाने म्हणतात. पण झड म्हणजे खिडकीतून आत शिरून अंथरूण भिजवणारा पाऊस ना? मग त्यात बरं वाटण्यासारखं काय?

इथे दोन अर्थांची गल्लत झाली आहे. वाऱ्याने तिरपा होऊन घरात येणारा पावसाचा मारा हीही झडच, पण ती 'येते'. खान्देशात आणि विदर्भात दिवसच्या दिवस न उघडता संथ पडणाऱ्या पावसाला झड म्हणतात आणि ती 'लागते'. अहिराणीत 'झडी लागनी'. साध्या पावसाला मात्र तिथे 'पानी'च म्हणतात: 'पानी पडी ऱ्हायना'. अर्थ ओळखायचा तर आधी क्रियापद पाहावं. सर येते आणि जाते. झड एकदा लागली की लवकर सुटत नाही.

झडीत जोर नसतो. त्यामुळे 'मुसळधार झड' हा प्रयोग कानाला खटकतो. झोडपणाऱ्या पावसाशी तिचा संबंध जोडू नये. 'संततधार' हा छापील शब्द, त्यात जोराचा पाऊसही बसतो. 'भुरभुर' तर मातीचा वरचा थरही धड भिजवत नाही. 'रिपरिप' झडीच्या सर्वांत जवळची, फक्त तिच्यात बोलणाऱ्याचा वैताग असतो. पाऊस तोच, चिखल तुडवत बाजाराला निघालेल्याची ती रिपरिप, पेरणी साधलेल्याची झड.

समाधानाचं कारण काळ्या मातीत आहे. ही माती भिजली की फुगते, भेगा बुजतात आणि पाणी हळूहळूच मुरतं. वीस तासांत 20 मिमी पाऊस झाला तर ताशी एक मिमी पडतो आणि बराचसा जिरतो. हेक्टरी हिशेब केला तर हे दोन लाख लिटर पाणी. तेवढाच पाऊस अर्ध्या तासात कोसळला तर बांध फोडून, वरची माती घेऊन नाल्याला लागतो. हवामान खात्याच्या लेखी दोन्ही दिवस सारखेच, कारण 24 तासांत 15.6 ते 64.4 मिमी म्हणजे 'मध्यम' पाऊस. पर्जन्यमापकाला न दिसणारा हा फरक 'झड' या शब्दाला बरोबर कळतो.

दुसरं कारण विसाव्याचं. झडीत निंदणी नाही, कोळपणी नाही, म्हणजे तण काढायचं कामच नाही. ओल्या रानात औत घातलं तर माती दबते आणि वाळल्यावर ढेकळं निघतात. घरी बसणं हाच त्या दिवसाचा शहाणपणा असतो, त्यात कोणी आळशी ठरत नाही. भाजी आणायलाही बाहेर पडावं लागत नाही. बेसनाच्या पातोड्यांचा झणझणीत रस्सा किंवा भिजवलेली तूरडाळ भरड वाटून, वाफवून केलेले फुनके आणि कढी. सोबत कळण्याची भाकरी, म्हणजे ज्वारी आणि अख्खे उडीद एकत्र दळलेल्या पिठाची. (फुनक्यांची डाळ गुळगुळीत वाटली तर ते दडदडीत होतात.)

हे कौतुक फार दिवस टिकत नाही, हेही वापरात ऐकू येतं. झड लांबली की तीच माणसं 'आता उघडीप पाहिजे' म्हणू लागतात. पाणी साचलं की कपाशीच्या मुळांना हवा मिळत नाही, पानं पिवळी पडतात आणि तण पिकाच्या वर जातं. उघडीप 'मिळते' किंवा पाऊस ती 'देतो'. पण उघडीप म्हणजे वाफसा नव्हे, हे दोन शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात. उघडीप आभाळाची, वाफसा जमिनीचा, म्हणजे ओल मशागतीला योग्य होईल इतकी उतरणं. तो आला का हे पाहायला वीतभर खोलीवरची माती मुठीत दाबावी. बोटांतून पाणी निघालं किंवा माती हाताला चिकटली, तर अजून थांबावं. गोळा झाला आणि कमरेच्या उंचीवरून टाकल्यावर फुटला, तर कोळपं धरायला हरकत नाही.