नागपूरच्या उन्हात काळा घोडा तांबूस पडतोय, रंग कसा टिकवावा?

आधी वेळ बदला. मे महिन्यात इथे पारा ४५ अंशांवर जातो, नवतपा (मेअखेरचे सर्वांत तापलेले नऊ दिवस) तर विचारूच नका. दिवसभर घोडा तबेल्यात, मोकळा सोडायचा तो रात्री. दुसरा शत्रू घाम. खोगिराखाली आणि तंगाच्या (खोगीर पोटाखालून आवळायच्या) पट्ट्याखाली घाम वाळला की पांढरट मीठ साचतं. त्यावर ऊन पडलं की रंग आणखी लवकर उडतो. म्हणून काम संपलं की साध्या पाण्याने धुवा, अंग वाळू द्या, मगच खरारा. रोज शाम्पू नको, केसांचं तेल जातं. उन्हात न्यावंच लागलं तर पातळ, हवेशीर झूल घाला. एवढं करूनही फरक नसेल तर खुराकात तांबं-जस्त कमी पडत असेल. मात्रा पशुवैद्यकाला विचारूनच. विटलेले केस मात्र पुन्हा काळे होत नाहीत, ते झडून नवे येईपर्यंत थांबावंच लागतं.