शेजारच्या प्लॉटचा गाळ आमच्या गटारात येतो, बिल्डरवर बंधन आहे का?

हो, बहुतेक मोठ्या प्रकल्पांवर आहे. ठाण्यातल्या घोडबंदर रोडवरच्या तुमच्या शेजारच्या प्लॉटवर बांधकाम 20,000 चौ. मी. किंवा जास्त असेल, तर केंद्र सरकारच्या 2006 च्या पर्यावरण परिणाम मूल्यांकन (ईआयए) अधिसूचनेनुसार पर्यावरण मंजुरी लागते. आमच्या सोसायटीसाठी अशी मंजुरीपत्रं मी वाचलीत. वरची माती जपून ठेवा, बगिच्याला वापरा, ही अट त्यात हमखास असते. पत्र केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर मिळतं. पत्र्याच्या कुंपणाखालून येणारं लाल पाणी आणि गटाराच्या जाळीवर साचलेला मुरूम, दोन्हींचे तारखेसह फोटो काढा, पहिल्याच मोठ्या सरीत. बांधकाम त्याहून लहान असेल तर मात्र ही मंजुरी लागत नाही. मग तक्रार महापालिकेच्या प्रभाग समितीकडे. परवानगीशिवाय मुरूम बाहेर जात असेल तर तहसीलदार जमीन महसूल संहितेच्या कलम 48(7) खाली दंड करू शकतात.