स्पीकरमधली टकटक: आधी कुंपणाचं झटका मशीन तपासा

भाऊ, तुमच्या सेवा केंद्रातल्या कॉम्प्युटरच्या स्पीकरमधून संध्याकाळ झाली की सेकंदा-सेकंदाला 'टक टक' येते, मधूनच 'टर्र-टर्र' होतं आणि मागे घुरघुर दिवसभर असतेच, असं तुम्ही लिहिलंय. स्पीकर बदलूनही फरक नाही. मग आणखी पैसे घालू नका. या तीन वेगळ्या भानगडी आहेत.

आधी स्पीकरचं आवाजाचं बटण पार शून्यावर न्या. टकटक तशीच राहिली तर ती स्पीकरच्या लांब वायरीतून किंवा विजेच्या लाइनीतून शिरतेय. बंद झाली तर कॉम्प्युटरकडून येणाऱ्या ऑडिओ वायरीतून.

माझा संशय झटका मशीनवर आहे. रोही (नीलगाय) आणि रानडुकरांपायी आता वावरावावराला ते लागलंय. ते साधारण सेकंदाला एक ठोका, म्हणजे विजेचा छोटा झटका, कुंपणाच्या तारेत सोडतं, आणि लोक ते सांजच्याला चालू करतात. तुमची वेळ बरोबर जुळते. कुंपण धड असेल तर सहसा त्रास होत नाही. पण गवत तारेला टेकलं, इन्सुलेटर तडकला किंवा जोडाला नुसताच सैल पीळ दिला, की तिथे ठिणगी पडते. प्रत्येक ठिणगीतून रेडिओ लहरी निघतात आणि तुमची स्पीकरची वायर त्या अँटेनासारख्या पकडते.

जागा शोधायला खिशातला ट्रान्झिस्टर पुरतो. मीडियम वेव्हवर लावा, नागपूर आकाशवाणीच्या ५८५ किलोहर्ट्झपासून बाजूला, जिथे कुठलंच स्टेशन नाही तिथे काटा ठेवा आणि धुऱ्याधुऱ्यानं (बांधाबांधानं) चाला. टकटक जिथे सगळ्यात मोठी, तिथे थांबून नीट बघा. अंधारात ठिणगी डोळ्यांनी दिसते. पायात बूट घाला, हातात बॅटरी ठेवा, आणि मशीन बंद केल्याशिवाय तारेला हात लावू नका.

मशीनचा अर्थिंगचा रॉड घराच्या अर्थिंगपासून किमान १० मीटर लांब हवा. काही जण तो सरळ घराच्याच अर्थिंगला जोडून देतात, मग ठोका तुमच्या बोर्डापर्यंत येतो. आणि शेजारी कुणी मशीनऐवजी लाइनीचा करंट थेट तारेत सोडत असेल, तर स्पीकरचं राहू द्या, आधी ते थांबवा. त्यानं माणसं मेलीत.

टर्र-टर्र ही टू-जी मोबाइलची. तो सेकंदाला सुमारे २१७ वेळा तुकड्या-तुकड्यांत सिग्नल सोडतो, आणि टॉवर लांब असला की जास्त ताकदीनं. कीपॅडचा फोन स्पीकरपासून दोन-तीन हात लांब ठेवा, बस.

घुरघुर बहुतेक ५० हर्ट्झच्या लाइनीची. लॅपटॉप असेल तर चार्जर काढून बघा. घुरघुर गेली तर दोष अर्थिंगच्या वाटेत आहे. कॉम्प्युटर आणि स्पीकर एकाच बोर्डावर लावा. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि अर्थिंग कमजोर पडतं, म्हणून खड्ड्यात पाणी टाकत चला. प्लगची तिसरी पिन मात्र कधीच तोडू नका. एवढं करूनही राहिली तर ऑडिओ वायरीत ग्राउंड लूप आयसोलेटर (अर्थिंगच्या वाटेनं येणारी घुरघुर अडवणारी छोटी डबी) लावा.

कुंपण शेजाऱ्याचं असेल आणि तो ऐकत नसेल, तर स्पीकरची जास्तीची वायर कापून आखूड करा, दोन्ही तारा एकमेकींना पीळ देऊन न्या आणि अँप्लिफायरच्या अगदी जवळ फेराइटच्या कड्यातून (रेडिओ लहरी अडवणारं काळं चुंबकीय कडं) सात-आठ वेढे काढा. ऑडिओची वायर शिल्डवाली, म्हणजे आत धातूच्या जाळीचं वेष्टण असलेली, घ्या. करून झालं की बटण शून्यावर असताना काय ऐकू येतं तेवढं कळवा, मग पुढचं बघू.