गोठवलेले भ्रूण आणि वारसा सुरू होण्याची तारीख

बडोद्यातील एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. त्यांचे वय ४७ पूर्ण आहे. पती गेल्या वर्षी मृत्युपत्र न करता वारले. उभयतांच्या बीजांपासून तयार केलेले तीन भ्रूण २०२२ च्या अखेरीपासून शहरातील एका वंध्यत्व-उपचार केंद्रात गोठवून ठेवलेले आहेत. दांडिया बाजारातील घर सासऱ्यांनी स्वकमाईतून घेतलेले होते आणि तेही पूर्वीच मृत्युपत्राविना गेले. आता मागे ७६ वर्षांच्या सासूबाई, एक दीर आणि स्वतः या भगिनी आहेत, नणंद नाही. दिरांनी वाटणीची घाई चालवली आहे आणि नळकांड्यातल्या पेशींना वारस म्हणत नाहीत, असे त्यांचे सांगणे आहे. वाचक भगिनींचे म्हणणे असे की ती आपली मुले आहेत, माणसे आहेत, तेव्हा न्यायालयाने त्यांना पतीचे वारस ठरवून त्यांचे हिस्से बाजूला काढून ठेवावेत. अशा आशयाची पत्रे अलीकडे वरचेवर येत असल्याने उत्तर येथे देत आहे.

असा दावा लावू नये, हे आधीच सांगतो. दीर म्हणतात ते शास्त्रदृष्ट्या बरोबर आहे म्हणून नव्हे, तर हिंदू वारसा कायदा, १९५६ च्या कलम २० मुळे. मृत्युपत्र न करता व्यक्ती मरण पावली त्या वेळी जे मूल गर्भात होते आणि पुढे जिवंत जन्मले, त्याला ते आधीच जन्मलेले असल्याप्रमाणे वारसाहक्क मिळतो, आणि तो हक्क मृत्यूच्या तारखेपासून निहित झाला, म्हणजे त्याच्याकडे आला, असे मानले जाते, असे हे कलम म्हणते. अटी दोन आहेत: मृत्युसमयी गर्भात असणे आणि जिवंत जन्मणे. पतीच्या मृत्यूच्या दिवशी आपले तिन्ही भ्रूण उणे १९६ अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये होते, गर्भात नव्हते. भ्रूण म्हणजे माणूस की नव्हे, हा प्रश्न कलम २० विचारतच नाही.

तरीही आपण तो पानभर मांडला आहे, म्हणून त्याविषयी थोडे लिहितो. शुक्राणू स्त्रीबीजात शिरल्यानंतर दोघांकडील तेवीस-तेवीस गुणसूत्रे एकत्र यायला जवळजवळ एक दिवस लागतो. पहिली विभाजने स्त्रीबीजातील साठ्यावरच होतात आणि भ्रूणाची स्वतःची जनुके साधारण चार ते आठ पेशींच्या टप्प्यावर खऱ्या अर्थाने कामाला लागतात. पाचव्या दिवशी शंभराच्या आसपास पेशींचा पोकळ गोळा झालेला असतो. त्यातील बाहेरच्या थरापासून पुढे वार बनते आणि आतल्या मोजक्या पेशींपासून मूल. गर्भाशयाच्या अस्तरात रुजणे सहाव्या-सातव्या दिवशी सुरू होते, आणि सुमारे चौदाव्या दिवसापर्यंत एकाच भ्रूणाची दोन जुळी होऊ शकतात. म्हणजे तो सजीव आहे, मानवी आहे आणि त्याचा जनुकीय आराखडा त्याचा स्वतःचा आहे, एवढे निर्विवाद आहे. परंतु त्यातून एक व्यक्ती होईल, दोन होतील की एकही होणार नाही, हे त्या घडीला निसर्गानेही ठरवलेले नसते. कायद्याने आपल्या सोयीसाठी रेघा ओढल्या आहेत. २०२१ चा सहायक प्रजनन तंत्रज्ञान कायदा फलनापासून छप्पन्न दिवसांपर्यंत भ्रूण म्हणतो. गर्भलिंगनिदानाविरुद्धच्या १९९४ च्या कायद्यात सत्तावन्नाव्या दिवसापासून गर्भ मानला जातो आणि वाढ स्थगित असलेला काळ त्या मोजणीतून वगळला जातो. या हिशेबाने, पाचव्या दिवशी गोठवले असतील तर आपले भ्रूण आजही पाचच दिवसांचे आहेत. मात्र या व्याख्या त्या त्या कायद्यापुरत्या असतात. त्या उचलून वारसा कायद्यात बसवता येत नाहीत.

१९५६ साली संसदेपुढे गर्भाबाहेरच्या भ्रूणाचा विचार असणे शक्यच नव्हते. जगातले पहिले टेस्टट्यूब बाळ इंग्लंडमध्ये जुलै १९७८ मध्ये जन्मले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नांतून जन्मलेली मुलगी तर गोठवलेल्या भ्रूणापासूनच झालेली होती. तेव्हा काळ बदलल्याने कलम २० चा अर्थ विस्तारावा, असा युक्तिवाद करता येईल आणि एखादे न्यायालय तो कधीकाळी मान्यही करील. पण दिवाणी न्यायालयात वाटणीच्या साध्या दाव्याला किती वर्षे लागतात हे बडोदेकरांना मी सांगायला नको, आणि त्यानंतर अपिले असतात. आपल्यापाशी तेवढा काळ नाही. उपरोक्त २०२१ च्या कायद्याच्या कलम २१ नुसार ही सेवा पन्नास वर्षांखालील स्त्रीलाच देता येते. भ्रूण दहा वर्षांपर्यंत साठवता येतात खरे, परंतु त्या दहा वर्षांचा आपल्याला उपयोग नाही. आपली मुदत आपल्या पन्नासाव्या वाढदिवसाला संपते. सरोगसीचा, म्हणजे दुसऱ्या स्त्रीच्या गर्भाशयात मूल वाढवण्याचा, मार्गही बंद आहे, कारण विधवेसाठी तेथे ३५ ते ४५ ही वयोमर्यादा आहे. सरोगसीच्या वयोमर्यादेबाबत सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये दिलासा दिला, तो कायदा लागू होण्यापूर्वी भ्रूण गोठवलेल्या जोडप्यांना. कायदा २५ जानेवारी २०२२ रोजी लागू झाला आणि आपले भ्रूण त्यानंतरचे आहेत.

आता हिश्शांकडे वळतो, कारण आपण नको त्या मृत्यूवर भांडत आहात. सासऱ्यांमागे घराचे तीन समान भाग झाले: सासूबाई, आपले पती आणि दीर. पतीच्या एक तृतीयांशाचे दोन वारस आहेत, आपण आणि सासूबाई. म्हणून आज आपला हिस्सा एक षष्ठांश, दिरांचा एक तृतीयांश आणि सासूबाईंचा निम्मा आहे. आपला एक षष्ठांश मूल होण्या-न होण्यावर मुळीच अवलंबून नाही आणि तो कोणी काढून घेऊ शकत नाही. खरा प्रश्न सासूबाईंच्या निम्म्या हिश्शाचा आहे. स्त्रीची मालमत्ता कलम १५ नुसार प्रथम तिच्या मुलाबाळांकडे आणि आधी वारलेल्या मुलाच्या अपत्यांकडे जाते. दुसरा मुलगा हयात असताना वारलेल्या मुलाच्या विधवेला त्यात काही मिळत नाही. म्हणजे सासूबाई आजच्या स्थितीत मृत्युपत्र न करता गेल्या तर तो सगळा निम्मा भाग दिरांचा. त्यांच्या मृत्यूच्या दिवशी आपले मूल जन्मलेले असले, किंवा कलम २० मध्ये म्हटल्याप्रमाणे गर्भात असले आणि पुढे जिवंत जन्मले, तर त्या भागाचे दोन वाटे होतील आणि एक त्याचा असेल. पतीच्या बाबतीत कलम २० ची तारीख निघून गेली. सासूबाईंच्या बाबतीत ती अजून यायची आहे. त्यांनी दिरांच्या नावे मृत्युपत्र केले तर हे सारे निष्फळ ठरेल, आणि तसे करण्याचा त्यांना पूर्ण अधिकार आहे. म्हणून त्यांच्याशी वैर धरू नये, हा माझा सल्ला कायद्याबाहेरचा असला तरी महत्त्वाचा आहे. त्या राजी असल्यास येणाऱ्या नातवंडासाठी त्यांच्या हयातीत विश्वस्त व्यवस्था करता येते. तिचा मसुदा मात्र जाणकाराकडूनच करवून घ्यावा.

ते मूल कायद्याने आपल्या पतीचे ठरेल का? येथे मी छातीठोकपणे सांगणार नाही. २०२१ च्या कायद्यातील कलम ३१ अशा मुलाला संबंधित जोडप्याचे जैविक अपत्य मानते, पण जोडप्यातील एक जण हयात नसताना भ्रूण रोपला तर काय, याविषयी ते कलम स्पष्ट बोलत नाही. मूल पतीचेच आहे असे धरून चालणारे भारतीय साक्ष अधिनियमातील कलम ११६ चे गृहीतक विवाह संपल्यापासून २८० दिवसांपर्यंतच चालते आणि ते दिवस आपल्या बाबतीत उलटले आहेत. पितृत्व पुराव्याने सिद्ध करावे लागेल. ते जनुकीय चाचणीने आणि केंद्राच्या नोंदींवरून होऊ शकते. न्यायालयांचा कल प्रतिकूल नाही. आजारी पतीचे शुक्राणू काढून ठेवण्याची परवानगी गुजरात उच्च न्यायालयाने जुलै २०२१ मध्ये दिली, ते प्रकरण आपल्या बडोद्यातलेच होते. त्याच वर्षी कोलकाता उच्च न्यायालयाने मृत मुलाच्या शुक्राणूंवर वडिलांचा हक्क नाकारून विधवेची संमती निर्णायक मानली. दिल्ली उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये मृत अविवाहित तरुणाचे वीर्य त्याच्या आईवडिलांना देण्याचा आदेश देताना मृताच्या संमतीला महत्त्व दिले.

आणि या संमतीच्याच बाबतीत आपले पत्र वाचून राग आला. भ्रूण गोठवताना भरायच्या संमतिपत्रात दोघांपैकी एकाचा मृत्यू झाल्यास भ्रूणांचे काय करावे हे लिहून द्यायचे असते. आपण लिहिता, ‘सिस्टरने फुल्या केल्या होत्या तिथे आम्ही सह्या केल्या.’ मिक्सरचे गॅरंटी कार्ड जपून ठेवणारी सुशिक्षित माणसे आपल्या अपत्यांविषयीचा कागद न वाचता सही करून परत देतात आणि त्याची प्रतही मागत नाहीत! पतीने तेथे भ्रूण पत्नीला द्यावेत असा पर्याय निवडला असेल तर आपली वाट बरीच मोकळी आहे. नष्ट करावेत असा निवडला असेल तर केंद्र हात आखडता घेईल आणि अहमदाबादला उच्च न्यायालयात जावे लागेल. तेथे काय होईल हे आज सांगता येत नाही. रकाना कोरा असेल तर वाद होईल, पण तो लढण्याजोगा आहे.

दिरांनी नोटरीकडे नेऊन जो कागद सही करवून घेतला, तोही आपण वाचलेला नाही. तो पेढीनामा, म्हणजे नुसती वंशावळ, असेल तर घाबरण्याचे कारण नाही. तो हक्ककमीचा, म्हणजे आपला हिस्सा सोडून दिल्याचा, असेल आणि केवळ नोटरीपुरताच असेल, तर नोंदणीशिवाय स्थावरातील हक्क त्याने जात नाही. दुय्यम निबंधकासमोर अंगठा आणि फोटो दिलेला असेल तर मात्र तो रद्द करवून घेण्याची मुदत, फसवणूक कळल्यापासून, तीन वर्षांची आहे. यापुढे कोणत्याही कागदावर सही करू नये.

वैद्यकीय बाजू मी पाहू शकत नाही. तीन भ्रूण म्हणजे तीन मुले नव्हेत, आणि आपल्या वयात गर्भधारणेचे धोके किती, हे स्त्रीरोगतज्ज्ञाने सांगायचे आहे. त्यांनी नको म्हटले तर मालमत्तेसाठी जिवाशी खेळ करू नये.

या आठवड्यात केंद्राला पोच असलेला अर्ज देऊन संमतिपत्राची, भ्रूणनोंदीची आणि साठवणशुल्काच्या पावत्यांची प्रमाणित प्रत मागावी आणि भ्रूण आपल्या लेखी परवानगीशिवाय नष्ट करू नयेत असे त्याच अर्जात कळवावे. पंधरा दिवसांत प्रत न मिळाल्यास केंद्राच्या तक्रार निवारण कक्षाकडे आणि त्यानंतर राज्याच्या सक्षम प्राधिकाऱ्याकडे जावे. प्रत हाती आल्यावर मृत्यूविषयीच्या रकान्याचे छायाचित्र मला पाठवावे. त्यात काय लिहिले आहे ते पाहिल्याशिवाय रोपणाच्या अर्जाचा मसुदा करता येणार नाही.